आजीचं कुंकू लाल होत नाहीये (जुने फोटो रंगवणाऱ्यांनो, मदत!)

पोटमाळा
शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. बरोबरीचे लोक सकाळी टेकडीवर जातात, मी पोटमाळ्यावर गेलो. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत फोटो सापडले आणि तेव्हापासून "हे कुठायत?" विचारलं की घरात "बसलेत रंगवत" असं उत्तर मिळतं.

सगळ्यात जुना फोटो वाईचा आहे. मागे पेन्सिलीने '१९३६' एवढंच लिहिलंय. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एक कोपरा कसरीने खाल्लेला. मधोमध खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी, तिच्या मांडीवर दोन वर्षांची धाकटी आत्या. पुढे सतरंजीवर फ्रॉक घातलेली थोरली आत्या, वय पाच. मागे आजोबांचे काका पगडी-उपरण्यात उभे. डाव्या टोकाला स्टुलावर पणजी, म्हणजे आजोबांची आई. बाबांचा जन्म व्हायचा होता.

यूट्यूब बघून बघून गिंप (फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर) शिकलो. प्रत्येक वस्तूला वेगळा लेयर (फोटोवरचा थर), त्याला मास्क (रंग तेवढ्याच भागात राहावा म्हणून), लेयरचा मोड 'कलर'. भिंत झाली, खुर्ची झाली, आजोबांचा कोट झाला. कुंकवापाशी अडलोय. लाल रंग कितीही ओता, काळं ते काळंच. मोड 'नॉर्मल' केला तर लाल होतं, पण मग कपाळावर कॅरमची सोंगटी ठेवल्यासारखं दिसतं.

बाकी पगडी काळीच ठेवली, फोटोत तशीच दिसतेय. पणजीचं लुगडंही गडद आहे, त्याला जांभळा दिलाय. घड्यांच्या कडांवर झाक सुरेख आलीये. कुंकवाचं तेवढं सांगा कुणी तरी.

हिंगाष्टक
शनिवार, रात्री ११:३२

आजोबांचा फोटो रंगवताना खुर्ची आधी करणारा माणूस बँकेतलाच असणार.

दूरदेशी
रविवार, पहाटे ४:०५ (आमच्याकडे संध्याकाळ आहे)

पोटमाळाकाका, मी क्लीव्हलंडला बसून सात वर्षं हाच उद्योग करतेय. तुमची अडचण नेहमीची आहे. 'कलर' मोडमध्ये वरच्या लेयरचा फक्त रंग घेतला जातो, उजेड-अंधार खालच्या फोटोचाच राहतो. खाली मिट्ट काळं असेल तर वर काहीही लावा, उपयोग शून्य. आधी फोटोच्या लेयरची एक कॉपी घ्या, तिला 'कर्व्हज' (उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) लावा, फक्त कुंकवापुरता मास्क करा, तेवढा भाग राखाडीपर्यंत उचला आणि मग त्यावर लाल टाका. कडा एक-दोन पिक्सेल मऊ करा, म्हणजे सोंगटी होणार नाही.

आणि स्कॅन कसं केलंत? फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायचं, ६०० डीपीआय, १६ बिट, टिफ. कारण जुन्या फोटोवरचे डाग पिवळे असतात. रंगीत स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांचं बनलेलं असतं. पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये ठसठशीत दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ गायब होतो. लाल चॅनल तेवढा उचलायचा आणि तो पाया धरून काम सुरू करायचं. मी पहिली दोन वर्षं असले डाग एकेक करून पुसत बसले होते. आठवलं की अजून मनगट दुखतं.

पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायला मात्र जाऊ नका. आहे तसा पुठ्ठ्यासकट स्कॅनरवर ठेवा.

प्रिझम
रविवार, सकाळी ८:२०

उपाय वर आलाच आहे, कारण मी सांगतो. ३४ वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबण लागेल.

कुंकू काळं दिसतंय ते त्या प्लेटेला (म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो उमटवणाऱ्या काचेला) लाल दिसत नव्हतं म्हणून. चांदीच्या क्षारांना मुळात फक्त निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश कळतो. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की इमल्शनमध्ये, म्हणजे काचेवरच्या त्या क्षारांच्या लेपात, योग्य रंगद्रव्य मिसळलं तर हिरवा-पिवळाही पकडता येतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसेना. लाल पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ मध्ये इंग्लंडात विकायला आल्या, पण म्हणून दुसऱ्या दिवशी वाईला पोचल्या असं होत नाही.

म्हणजे ऑर्थो प्लेटेवर लाल आणि काळं एकाच मापाने मोजलं जातं. निळं उलट फिकं पडतं, म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं. तुमच्या फोटोतली राखाडी छटा बघून 'हा गडद आहे म्हणजे मूळ रंगही गडद असणार' असं अजिबात समजू नका.

ती पगडी बघा बरं पुन्हा. लोकमान्यांची पगडी लाल, हे आपल्याला चित्रांमुळे माहीत आहे. फोटोंत ती काळीच दिसते.

अवांतर: १८६१ मध्ये मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने लंडनमध्ये पहिला रंगीत फोटो पडद्यावर दाखवला, चौकड्यांच्या एका फितीचा. लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन फोटो काढून. त्या वेळच्या प्लेटेला लाल दिसतच नव्हतं, तरी लाल उमटला! कोडं सुटलं थेट शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परत फेकत होता आणि लाल काचेतून तेही आत जात होते. प्रयोग चुकीच्या कारणाने बरोबर आला. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

पोटमाळा
रविवार, सकाळी १०:४५

दूरदेशीताई, कुंकू झालं! कर्व्हजने उचलून मग लाल दिलं. बायकोला दाखवलं तर म्हणाली, आता आजी बघतायत असं वाटतं.

प्रिझम सर, पगडी लाल केली. काका एकदम रुबाबदार झालेत. इतकी वर्षं आम्ही त्यांना काळ्या पगडीचे समजत होतो.

डार्करूमवाला
रविवार, दुपारी १:१५

वाचनमात्र होतो, पण आता राहवेना. आमच्या वडिलांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता, १९५२ ते १९८८. मी त्या लाल दिव्यातच लहानाचा मोठा झालो बघा.

सरांनी सांगितलं ते बरोबर, पण स्टुडिओवाल्याच्या बाजूनं ऐका. ऑर्थो प्लेटेला लाल दिसत नाही हा आम्हाला फायदा होता. लाल बल्ब लावून निगेटिव्ह डोळ्यांदेखत डेव्हलप करायचं. चेहरा उमटत आला, पुरेसा झाला, की काढून हायपोत (चित्र पक्कं करायच्या द्रावणात) टाकायचं. लालही दिसणारी पॅनक्रोमॅटिक, म्हणजे पॅन फिल्म आली आणि काळोखात घड्याळ लावून बसायची पाळी आली. म्हणून गावोगावचे जुने लोक ऑर्थो सोडायला लवकर तयार नव्हते.

आता रंगाचं. तुम्ही कॉम्प्युटरवर करताय ते वडील काडीला कापूस गुंडाळून करायचे. आधी प्रिंट जरा फिका काढायचा, मॅट कागदावर. मग सेपिया, म्हणजे प्रिंटला तपकिरी छटा द्यायची. त्याच्या सोडियम सल्फाइडला नासक्या अंड्याचा वास, आई जेवायला हाक मारायची आणि आम्हाला भूक नसायची. सेपिया केला की त्वचेला आपोआप ऊब येते, वर रंग थोडाच लागतो. पाण्यातल्या रंगांची लहान पुस्तकं मिळायची, एकेका पानावर रंग वाळवलेला. पानाचा कपटा कापायचा, बशीत पाणी, त्यात बुडवायचा. गालाला, ओठाला, साडीला. दागिन्याला सोनेरी, दोन नंबरच्या ब्रशनं नव्हे, डबल झिरोनं.

रंग कुठला द्यायचा ते गिऱ्हाईक सांगायचं आणि वडील निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचे. 'साडी मोरपंखी, काठ लाल, डोळे घारे.' अशी पाकिटं माझ्याकडं अजून एक खोकं भरून आहेत.

पण एक सांगतो, आमच्या रंगावर कुणी पुरावा म्हणून विसंबू नका. मुलगी दाखवायचा फोटो असला की "रंग जरा उजळ करा" हे ठरलेलं. आणि अंगावर नसलेले दागिने आम्ही ब्रशनं घातलेत. एका बाईंना पाटल्या हव्या होत्या. नवऱ्यानं मोडून खाल्लेल्या. वडिलांनी पाटल्या काढल्या, पैसे साध्या रंगाचेच घेतले.

हिंगाष्टक
रविवार, दुपारी १:४०

डार्करूमवाला, दंडवत. तुम्ही वेगळा धागा काढा. त्या खोक्यावर.

खोडरबर
रविवार, दुपारी ३:०२

सगळ्यांचा उत्साह बघून बोलावं की नाही असं वाटलं, पण बोलतो. हे करायचंच कशाला? तो फोटो काढणाऱ्याने कृष्णधवल म्हणून काढला. उजेड त्या हिशोबाने लावला, पडदा त्या हिशोबाने रंगवला. तुम्ही त्यावर नव्वद वर्षांनी अंदाजपंचे रंग ओतता आणि म्हणता 'जिवंत झाले'. मेलेली माणसं रंगाने जिवंत होत नाहीत. उद्या नातवंडांना मूळ फोटो माहीतही नसेल, हाच खरा वाटेल. आणि हा तर घरगुती मामला झाला. २०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो एकाने रंगवले आणि काहींच्या चेहऱ्यावर चक्क हसू काढलं. मारायला नेण्याआधी काढलेले फोटो ते! कंबोडिया सरकारने निषेध केल्यावर ते मागे घेतले गेले. या रस्त्याचं दुसरं टोक तिथे आहे.

दूरदेशी
रविवार, संध्याकाळी ६:५०

खोडरबर, ते हिडीस होतं, दुमत नाही. पण त्यात गुन्हा रंगाचा की खोट्या हसण्याचा? दुसरं उदाहरण बघा. ब्राझीलच्या मारिना अमाराल यांनी २०१८ मध्ये आउशवित्झ या नाझी छळछावणीतल्या चेस्लावा क्वोका या चौदा वर्षांच्या पोलिश मुलीचा तिथे काढलेला फोटो रंगवला. ओठावरची जखम, कपड्यावरचा कैद्याचा त्रिकोण. तो त्रिकोण लालच होता, राजकीय कैद्यांना लाल द्यायचे याची नोंद आहे. तिथल्या संग्रहालयाबरोबर काम केलं, मूळ फोटो शेजारी ठेवला. मी कृष्णधवल फोटो अनेकदा पाहिला होता. जखम ताजी होती हे मला रंगात कळलं.

माझे घरचे नियम दोन. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. आणि रंगवलेल्या प्रतीच्या कोपऱ्यात 'रंगवलेला' असं फोटोतच लिहायचं, फाइलच्या नावात नाही. फाइलची नावं व्हॉट्सअॅप खाऊन टाकतं.

खोडरबर
रविवार, संध्याकाळी ७:१५

दुसरा नियम पटला. पहिल्याबद्दल अजून साशंक. तरी वाचतोय.

पोटमाळा
सोमवार, दुपारी १२:२०

खोडरबर, तुमचं वाचून दोन तास काही केलं नाही. मग वैतागून फोटो एका एआयवाल्या अॅपला देऊन टाकला, म्हटलं बघू यंत्र काय म्हणतंय. आठ सेकंदांत उत्तर. भिंत छान. आजोबांचा चेहरा गोऱ्या साहेबासारखा. आणि आजीच्या नऊवारीच्या काष्ट्यामुळे त्याला ती पँट वाटली असावी! एक पाय निळा, दुसरा तपकिरी, पदर तिसऱ्याच बाईचा. कुंकू काळंच. पणजी आख्खी मातकट.

हिंगाष्टक
सोमवार, दुपारी १२:२६

हसून हसून पुरेवाट. "पदर तिसऱ्याच बाईचा"!

प्रिझम
सोमवार, दुपारी २:१०

त्याचं कारण सोपं आहे. ही यंत्रणा लाखो रंगीत फोटोंवर शिकवलेली असते. रंगीत फोटो घ्यायचा, त्यातली उजेडाची बाजू तेवढी ठेवायची, रंग झाकायचे आणि 'ओळख' म्हणायचं. आभाळ, गवत, कातडी यांत ती पटाईत होते. पण साडी? साडी कुठल्याही रंगाची असू शकते. चुकलं तर कमीत कमी चुकावं म्हणून ती सगळ्या शक्यतांच्या मध्ये जाऊन बसते आणि सगळ्या रंगांच्या मध्ये बसतो तो मातकट तपकिरी. तुमची पणजी मातकट झाली ती अशी. शिवाय शिकायला दिलेले कृष्णधवल फोटो हे रंगीत फोटोंचे रंग काढून केलेले. त्यांत लाल रंग काळा पडत नाही. ऑर्थो प्लेट कशी बघते हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलेलंच नाही.

अस्मानी
सोमवार, रात्री ९:३०

धागा उशिरा बघितला. माझं काम जुन्या कापडांचं, त्यामुळे लुगड्यांपुरतं बोलते.

'जांभळा', 'हिरवा' अशा पेटीतल्या रंगांत विचार केला की लुगडं फसतं. त्या बायकांच्या बोलण्यात रंग असे नव्हतेच. अंजिरी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, श्रीखंडी, चिंतामणी, राघू. प्रत्येक नावाच्या मागे एक वस्तू आहे, ती डोळ्यांसमोर ठेवून रंग मिसळा. इरकली असेल तर पदर बहुधा लाल आणि त्यात पांढरं. नमुने बघायचे असतील तर म. वि. धुरंधरांची जलरंगातली चित्रं बघा. मुंबईच्या बायकांच्या नेसण्यातल्या छटा त्यांनी समोर बसून टिपल्यात. खरे रंगीत फोटोही आहेत. पॅरिसच्या आल्बेर कान या धनिकाने जगभर माणसं धाडून ७२,००० ऑटोक्रोम काढून घेतले. त्यांतला स्टेफान पासे १९१३-१४ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण पसरून केलेले फोटो ते. त्यांतले लाल बघितले की कळतं, आपण स्क्रीनवर देतो तो लाल किती भडक असतो.

पोटमाळा, आजीच्या लुगड्याचा तुकडा घरात कुठे नाही ना? जुन्या गोधड्या उसवून बघा. वरचा थर विटतो, पण आतल्या थरात, शिवणीच्या दुमडीत, ऊन न लागलेला रंग सापडतो.

आणि एक विचारायचं आहे. तुमच्या पणजींचं लुगडं. आजींच्या कपाळावर कुंकू काळं आलंय. पणजींच्या कपाळावर काही आहे? हातात बांगड्या? लुगड्याला काठ दिसतोय का?

पोटमाळा
सोमवार, रात्री १०:१५

आत्ता मोठं करून बघितलं. कपाळ मोकळं. हात पदराखाली, एक मनगट दिसतं, त्यात काही नाही. पदर डोक्यावरून घट्ट, कानांच्या पुढे ओढलेला. काठ नाही. मला वाटलं होतं प्रिंटमध्ये उडाला असेल.

अस्मानी
सोमवार, रात्री १०:३१

चोळी दिसतेय?

पोटमाळा
सोमवार, रात्री १०:३४

नाही.

अस्मानी
सोमवार, रात्री १०:५०

मग ते जांभळं नसावं. घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना विचारून घ्या. मी सांगण्यापेक्षा ते बरं.

पोटमाळा
बुधवार, रात्री ९:०५

थोरल्या आत्याला फोन केला. ती आता चौऱ्याण्णवची, मिरजेला असते. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"माई आत्या, पणजीचं लुगडं कुठल्या रंगाचं असायचं?"

"लुगडं कुठलं? ती सोवळी होती."

"म्हणजे..."

"आलवण नेसायची. तांबडं. दुसरं काही नेसलेली मी बघितली नाही. मी तेरा वर्षांची असताना गेली ती."

"लालभडक?"

"छे रे. धुऊन धुऊन विटलेलं. पावसात भिजलेलं कौल असतं ना, तसं. मागच्या दारी न्हावी यायचा तेव्हा आम्हाला पुढच्या ओटीवर पिटाळायचे."

मी चार दिवस तिच्या आलवणाला, सोवळ्या विधवेच्या त्या तांबड्या वस्त्राला, जांभळी झाक देत होतो आणि वर 'सुरेख आलीये' असं इथे लिहिलं होतं.

डार्करूमवाला
बुधवार, रात्री ९:४०

वडिलांच्या खोक्यातली पाकिटं आत्ता चाळली. आलवणातल्या बाईचा फोटो रंगवायला एकानंही आणलेला नाही. मुळात अशा बायका फोटोला बसायच्या नाहीत, बसू द्यायचे नाहीत. तुमच्या पणजीला स्टूल दिलंय, फ्रेमच्या आत घेतलंय. ते कुणाच्या तरी सांगण्यावरनंच झालं असणार. आजोबांचं असेल.

हिंगाष्टक
बुधवार, रात्री ९:५५

एरवी मी थट्टा करतो, आज नाही. राहू दे ना ते जांभळं. जन्मभर जे नेसायला लावलं तेच तुम्ही पुन्हा नेसवणार? एक फोटो तरी तिच्या मनासारखा होऊ दे.

अस्मानी
बुधवार, रात्री १०:२०

तुमची भावना कळते, पण तिच्या मनात जांभळं होतं हे कुणी सांगितलं? तिला आता आपल्या आवडीचं नेसवणं हेही एक नेसवणंच झालं. तांबडं तरी खरं आहे.

खोडरबर
बुधवार, रात्री १०:४४

अस्मानींना +१. आणि हो, हे मान्य करतो की कृष्णधवल फोटोत मला ती नुसती 'गडद लुगड्यातली म्हातारी' दिसली असती. चंद्रकळा म्हणून पुढे गेलो असतो.

दूरदेशी
गुरुवार, पहाटे ५:३०

काका, तंत्राचं एक बोलते. कुंकू टिकलीएवढं होतं, आलवण म्हणजे फोटोचा आठवा हिस्सा. तेवढा भाग कर्व्हजने उचललात की कापडाचा पोत फुटेल, दाणे दिसतील. थोडाच उचला. सावल्या काळ्याच राहू द्या, लाल फक्त घड्यांच्या कडांवर आणि गुडघ्यावर येऊ दे. रंग एक देऊ नका. उजेडात विटकरी, सावलीत तपकिरीकडे. आत्यांनी भिजलेलं कौल म्हटलंय, तर खरंच एक कौल भिजवून फोटो काढा आणि त्यातूनच रंग उचला.

पोटमाळा
रविवार, रात्री ८:१५

तीन दिवस लागले. आमच्या सोसायटीत कौलं कुठली, पण मागच्या बंगल्याच्या पाडकामात चार पडली होती. वॉचमनला विचारून एक आणलं, बादलीत बुडवलं, खिडकीशी ठेवून फोटो काढला. वॉचमन आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

पहिल्यांदा आलवण शालूसारखं झालं. खाली आणत आणत मध्यरात्री एकदाचं कौल झालं.

गोधडीही सापडली, बायकोने माळ्यावरून काढली. मधल्या शिवणीत बोटभर पट्टी अंजिरी निघाली. माई आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने फोन इतका जवळ धरला की मला फक्त तिचा कान दिसत होता. म्हणाली, "आईचंच. हळदीकुंकवाला नेसायची." याच फोटोतलं ते का, हे तिला सांगता येईना. मी अंजिरी दिलाय आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने 'अंदाज' लिहिलंय. कुंकवाचंही तिने सांगितलं. आधी मेण, त्यावर पिंजर, म्हणून कडा अगदी गोल आणि रंगाला चकाकी नाही. थोडी चकाकी मी दिली होती, ती काढली.

काल घरच्या ग्रुपवर टाकला, कोपऱ्यात 'रंगवलेला' लिहून. पहिली प्रतिक्रिया पुतणीची: "अय्या, पणजी लाल साडीत कित्ती गोड!!" खाली सात हृदयं.

बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग आलवण म्हणजे काय ते पाच-सहा ओळींत लिहिलं. ग्रुप तासभर गप्प. नंतर पुतणीने वेगळा फोन केला. विचारत होती, पणजी तेव्हा किती वर्षांची होती. फोटोतली म्हातारी आम्ही सगळे सत्तरीची धरून चाललो होतो. आत्याकडून हिशोब लावला. त्रेपन्न.

अस्मानी
रविवार, रात्री ८:५०

(काय लिहू? वाचलं.)

डार्करूमवाला
रविवार, रात्री ९:१०

पुठ्ठ्याला मागनं लिहिलंत ते बेस. पेन्सिलीनंच लिहा, शाई वापरू नका, पुढं उतरते.

आणि पुढच्या फ्रॉकचं काय? त्याचं काहीच लिहिलं नाहीत.

पोटमाळा
रविवार, रात्री ९:३५

तिथे भांडण लागलंय. माई आत्या म्हणते फ्रॉक लिंबू रंगाचा, तिच्या मामाने पुण्याहून आणलेला. धाकटी आत्या, एक्क्याण्णव, ठामपणे म्हणते गुलाबी. फोटोत ती दोन वर्षांची आहे आणि दुसरीकडेच बघतेय, हे तिला सांगून उपयोग नाही. तिचं म्हणणं, नंतर तो फ्रॉक तिलाच घालावा लागला, तिला माहीत नसणार तर कुणाला? दोघी एकमेकींना फोन करून सांगतायत आणि मग मला करतायत.

प्रिझम सर, ऑर्थोवर काही सांगता येईल का?

प्रिझम
रविवार, रात्री ९:५२

फिका लिंबू आणि फिका गुलाबी, दोन्ही साधारण सारख्याच राखाडीवर येऊ शकतात. प्लेट यात साक्ष द्यायला येणार नाही.

हिंगाष्टक
रविवार, रात्री ९:५५

दोन प्रती काढा. एकीला एक, दुसरीला दुसरी. आणि दोघींची गाठ पडू देऊ नका.

पोटमाळा
रविवार, रात्री १०:०२

दिवाळीला दोघी आमच्याकडेच येतायत.